वयात येणाऱ्या मुलांवर विनोदी पटकथा कशी लिहावी

शाळेच्या बाकावर आपण सगळेच बसलेलो असतो, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांवर लिहिणे सोपे असेल असे पुष्कळांना वाटते आणि नेमकी तिथेच संहिता घसरते. तिशी ओलांडलेला लेखक आपल्या शाळेच्या दिवसांकडे पाहून हसतो, परंतु ते दिवस जगताना तो हसत नव्हता. आठवीतल्या मुलासाठी ओठावर उगवलेली लव, जिवलग मित्राने दुसऱ्याच्या बाकावर जाऊन बसणे, फळ्यावर आपले नाव कुणाच्या तरी नावाशी जोडून लिहिलेले सापडणे या जिवावर बेतणाऱ्या गोष्टी असतात. या प्रकारातला टिकाऊ विनोद मुलांच्या त्या गांभीर्यातून निर्माण होतो. मूल विनोद करत नसते. ते अपुऱ्या माहितीच्या आधारे, सगळा जीव ओतून काहीतरी तडीस नेण्याचा प्रयत्न करत असते, आणि प्रेक्षकाला त्याच्याहून थोडे अधिक ठाऊक असते म्हणून हशा पिकतो. चित्रपट असो, वेबमालिका असो वा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची एकांकिका असो, लेखकाने मुलाच्या शेजारी उभे राहून लिहायचे की त्याच्या डोक्यावरून प्रेक्षकाला डोळा मारायचा, हा निर्णय पहिल्या पानाआधी घ्यावा लागतो. पुढील मार्गदर्शन मुलाच्या शेजारी उभे राहू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

आधी इयत्ता ठरवा

नायक किशोरवयीन आहे, एवढ्या माहितीवर लेखन सुरू करू नये. इयत्ता ठरवावी आणि शालेय वर्षातला महिनाही ठरवावा, कारण जूनमध्ये आठवीत आलेला मुलगा आणि एप्रिलमध्ये आठवीची परीक्षा देणारा तोच मुलगा यांचे शरीर, आवाज आणि मित्रमंडळ पुष्कळदा वेगवेगळे असतात. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारणपणे ८ ते १३ या वर्षांच्या दरम्यान होते, तर मुलांमध्ये ९ ते १४ या वर्षांच्या दरम्यान. मुलींची उंची झपाट्याने वाढते ती पहिली पाळी येण्याच्या आधी, आणि मुलांना तो टप्पा गाठायला मुलींपेक्षा साधारण दोन वर्षे अधिक लागतात. सातवी-आठवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात त्याचे कारण हेच. शारीरिक शिक्षणाच्या तासाला उंचीनुसार रांग लावण्याची आपल्या शाळांतली पद्धत लेखकासाठी आयता प्रसंग आहे: चौथीपासून रांगेत शेजारी उभे राहणारे दोघे आठवीत रांगेच्या दोन टोकांना जातात, आणि हे अंतर कमी करण्यासाठी मुलगा कुठल्या थराला जाईल, यावर दहा मिनिटांचा उत्तम विनोदी भाग उभा राहू शकतो.

शरीरात होणारे बदल नेमके माहीत असतील तर विनोद आपोआप विशिष्ट होतो. मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि त्यांच्यावर ताबा येईपर्यंत आवाज मध्येच फाटतो. आवाज फाटला की हशा येणारच, पण तो स्वस्त हशा आहे. चौथीपासून प्रत्येक स्नेहसंमेलनात काळी चार या पट्टीत भावगीत म्हणून बक्षीस घेणारा मुलगा आठवीत उभा राहतो आणि त्याची पट्टीच सापडत नाही, तेव्हा त्याच हशामागे काहीतरी मोडलेले असते. गाणे ही त्या मुलाची शाळेतली ओळख होती आणि शरीराने ती त्याला न विचारता काढून घेतली आहे. संगीताच्या बाई त्याला दिलासा म्हणून तबल्यावर बसवतात आणि त्याच्या जागी सहावीतला मुलगा गातो, इथे लेखकाला गोष्ट मिळते.

काही बदल चित्रपटांत जवळजवळ येतच नाहीत. पुष्कळ मुलांच्या छातीला या वयात तात्पुरती सूज येते, ती दुखते, आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. आपल्याला काहीतरी भयंकर झाले आहे अशा समजुतीने मुलगा पोहायला जाणे बंद करतो, उन्हाळ्यातही बनियनवर दोन शर्ट चढवतो, आणि कुणालाही विचारू शकत नाही. मुलींच्या बाबतीत, स्तनांची वाढ सुरू झाल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते आणि पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असू शकते. म्हणजे मोजून अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणारी तेरा वर्षांची नायिका लिहिली, तर ती बहुधा पुरुषाने पुस्तकातून लिहिलेली ठरते. खरी मुलगी भिंतीवरच्या कालनिर्णयात, आईच्या दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींच्या शेजारी, एक बारीक ठिपका देते, हिशेब चुकतो, आणि धाकटा भाऊ सगळ्या पाहुण्यांदेखत त्या ठिपक्याचा अर्थ विचारतो.

माहिती कुठून येते

इयत्तेनंतर काळ आणि गाव ठरवावे, आणि ते केवळ पोशाखासाठी नव्हे. मुलांना माहिती कोणत्या मार्गाने मिळते आणि कोणत्या मार्गाने अडते, हे काळ आणि गाव यांवर ठरते, आणि या प्रकारातले कथानक त्या मार्गावरूनच चालते. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेला, २०१२ साली प्रदर्शित झालेला ‘शाळा’ हा चित्रपट १९७५ नंतरच्या आणीबाणीच्या काळात घडतो. नववीतल्या मुकुंदाला आवडत्या मुलीशी, शिरोडकरशी, दोन वाक्ये बोलायची तर आठवडाभर आखणी करावी लागते, कारण तिला गाठण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्या काळात उपलब्ध नाही. रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ २०१३ च्या जानेवारीत आला आणि तो ऐंशीच्या दशकातल्या चाळीत घडतो. शेजारची ज्योतीताई चाळ सोडून जाते, मोठी माणसे ‘तिने शेण खाल्ले’ एवढेच बोलतात, आणि दोन मुलगे व दोन मुली त्या वाक्याचा शब्दशः अर्थ घेऊन शोधाला लागतात व भाड्याच्या व्हीसीआरपर्यंत पोहोचतात. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ विनोदी चित्रपट नाही, तरी त्यातला जब्या काळ्या चिमणीमागे धावतो तो याच प्रकारच्या माहितीवर: त्या चिमणीची राख शालू या आवडत्या मुलीवर टाकली की ती प्रेमात पडेल, असे त्याने ऐकलेले असते. त्या धावण्यावर आपण हसतो आणि जात त्याच्या आड कशी येते हे दिसू लागले की ते हसू घशातच अडते.

आजच्या मुलांवर लिहिणाऱ्यांपुढे वेगळी अडचण आहे. फोन हाताशी असल्यामुळे मुलांना सगळे ठाऊक आहे, असे गृहीत धरून लेखक त्यांच्या तोंडी मोठ्यांचे बोलणे घालतात. प्रत्यक्षात माहिती भरपूर आणि विचारायला कुणी नाही, अशी त्यांची स्थिती असते. फोन बहुधा आईचा असतो, त्यावर काय शोधले ते तिला दिसते, आणि शोधलेल्या उत्तरांतले खरे कोणते व जाहिरातीसाठी लिहिलेले कोणते हे सांगणारे माणूस घरात नसते. शाळेचे म्हणाल तर महाराष्ट्र सरकारने २००७ साली शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता, आणि राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात मानवी प्रजननसंस्थेची सविस्तर ओळख होते ती दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे बहुतेक मुलींना पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाल्यावर. ‘हा भाग घरी वाचून या’ म्हणणारे शिक्षक तुमच्याही आठवणीत असतील. हा उशीर आणि ही टाळाटाळ पटकथेच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहे, कारण तेवढ्या पोकळीतच मुले आपापले सिद्धांत मांडतात.

सिद्धांतापासून कृतीपर्यंत

प्रत्यक्ष बांधणी कशी करावी यासाठी एक गोष्ट रचून पाहू. कराडमधली मराठी माध्यमाची शाळा, आठवी ब, ऑगस्ट महिना. ओंकार, सलीम आणि तेजस्विनी हे तिघे तिसरीपासून एकत्र टेनिस बॉलचे क्रिकेट खेळतात आणि तेजस्विनी त्यांची सर्वांत वेगवान गोलंदाज आहे. एके दिवशी आरोग्यसेविका येतात, मुलींना सभागृहात बोलावले जाते, दारे लावली जातात आणि मुलांना मैदानावर पिटाळले जाते. दुसऱ्या दिवसापासून तेजस्विनी खेळायला येत नाही. विचारले तर ‘काम आहे’ म्हणते. सलीमने एका सरांना ‘आता मुली मोठ्या झाल्या, वेगळे काहीतरी बघावे लागेल’ असे बोलताना ऐकलेले असते. त्यावरून दोघे निष्कर्ष काढतात की मुलींना वेगळ्या शाळेत हलवणार आहेत आणि सभागृहात त्यांच्याकडून गुप्ततेची शपथ घेतली आहे.

इथवर केवळ गैरसमज आहे आणि गैरसमजाने पटकथा पुढे जात नाही. पात्राने त्या गैरसमजावर विश्वास ठेवून धोका पत्करावा लागतो. दोघे मराठीच्या पुस्तकातला अर्जाचा नमुना उघडतात आणि मुख्याध्यापकांना अर्ज लिहितात, विषय, ‘कु. तेजस्विनी हिला याच शाळेत राहू देण्याबाबत’. मायना बिनचूक, शेवटी ‘आपले आज्ञाधारक विद्यार्थी’, आणि खाली वर्गातल्या सगळ्या मुलांच्या सह्या, ज्यांतल्या निम्म्यांना तो सहलीचा अर्ज वाटलेला आहे. या मजकुरात एकही चावट शब्द नाही, कुणाच्या शरीराचा उल्लेख नाही, आणि तरीही प्रेक्षागृहात हशा आल्याशिवाय राहणार नाही, कारण अर्जाची भाषा जितकी औपचारिक तितके त्यामागचे भय उघडे पडते.

पुढचा हशा मोठ्यांवर येऊ द्यावा. मुख्याध्यापक अर्ज वाचतात, त्यांना सगळे कळते, आणि दोन मुलांना एक साधी जीवशास्त्रीय गोष्ट सांगण्याची वेळ आली असता ते क्रीडाशिक्षकांना बोलावतात. क्रीडाशिक्षक हे काम वर्गशिक्षिकेकडे सोपवतात, वर्गशिक्षिका पालकांना चिठ्ठी देतात, आणि ओंकारचे वडील चिठ्ठी वाचून टीव्हीचा आवाज वाढवतात. तो अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकत राहतो आणि त्यावर ‘पुढील कार्यवाहीसाठी’ असे शेरे जमतात. हा विनोद मोठ्यांच्या भीतीचा आहे आणि ती भीती समोर बसलेल्या प्रत्येक पालकाच्या ओळखीची असते.

मात्र या गोष्टीचा कणा अजून आलेला नाही. तो येतो तेजस्विनीला अर्जाविषयी कळते तेव्हा. जी गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती तिच्याभोवती आता सगळ्या वर्गाच्या सह्या आहेत. मित्रांनी चांगल्या हेतूने केलेल्या कृतीने तिलाच उघड्यावर आणले आहे, आणि ती चिडते ते योग्यच आहे. हे वळण नसेल तर वरचा सगळा भाग चुटका ठरतो. गमतीदार कृतीची किंमत कुणीतरी मोजली पाहिजे, आणि ज्यांनी कृती केली त्यांना ती किंमत दिसली पाहिजे. माफी मागायची कशी हे त्या दोघांना ठाऊक नाही आणि अर्जाचा नमुना आता कामाचा नाही, त्यामुळे दुसरा अंक आपल्या पायांवर उभा राहतो.

मैत्री आणि पहिले प्रेम

पहिल्या प्रेमाची गोष्ट लिहिताना आधी मैत्रीची गोष्ट पूर्ण लिहावी, असा माझा आग्रह आहे. या वयात प्रेमाचा पहिला परिणाम प्रेयसीवर किंवा प्रियकरावर होत नाही, तो मित्रांवर होतो. वरच्या गोष्टीत ओंकारला हळूहळू कळते की त्याला तेजस्विनीची उणीव भासते ती सलीमला भासते तशी नाही. सलीमला गोलंदाज हवी आहे. ओंकारला ती हवी आहे, आणि ते सलीमला सांगणे त्याला तेजस्विनीला सांगण्यापेक्षा कठीण जाते. इथे त्रिकूट मोडते की नाही हा गोष्टीचा खरा प्रश्न होतो. ‘शाळा’त अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसणारी मुकुंदाची चौकडी नसती, तर शिरोडकरचे प्रकरण केवळ चोरटे पाहणे राहिले असते, मित्रांच्या चर्चेमुळे, सल्ल्यामुळे आणि चिडवण्यामुळे त्याला वजन येते.

प्रेम स्वतः लहानच ठेवावे. या वयातले प्रेम एखाद्या वस्तूत किंवा सवयीत राहते: परत न केलेली पट्टी, वहीच्या शेवटच्या पानावरचा धावफलक, शिकवणीहून परतताना सायकल मुद्दाम हातात धरून चालणे. मोठ्यांच्या चित्रपटांतला ‘प्रपोज’ करण्याचा सोहळा, गुडघ्यावर बसणे, शंभर फुगे इत्यादी मुलांनी कुठेतरी पाहिलेले असते आणि ते त्याची नक्कल करतीलही, पण ती नक्कल आहे हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे. नक्कल फसते तेव्हा मूल स्वतःच्या शब्दांत एखादे वाक्य बोलते, आणि त्या एका वाक्यासाठी लेखकाने पुष्कळ कागद खर्ची घालावेत.

मुलीला केवळ मुलाच्या प्रेमाचे ठिकाण करणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तिच्या बाजूचा विनोद लिहिता येतो का, हे आवर्जून तपासावे. डोमी शी यांच्या ‘टर्निंग रेड’ या २०२२ च्या ॲनिमेशनपटात २००२ सालच्या टोरोंटोतली तेरा वर्षांची मेई भावना अनावर झाल्या की लाल पांडा होते. त्यातली आई पाळी सुरू झाली असे समजून शाळेबाहेर उभी राहून पॅडचा पुडा दाखवते, तेव्हा आपण हसतो ते आईच्या अतिकाळजीवर आणि मेईच्या संकोचात सहभागी होऊन. मेईला स्वतःची इच्छा आहे, स्वतःचा वेडेपणा आहे, वहीत गुपचूप काढलेली चित्रे आहेत. मराठीत असे पात्र अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही, आणि जी लेखिका ते लिहील तिला मोकळे रान आहे.

हशा कोणावर

पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर प्रत्येक विनोदाच्या जागेसमोर समासात लिहावे की इथे प्रेक्षक कोणावर हसतो आहे. उत्तरे साधारणपणे चार प्रकारची येतात: मुलाच्या अर्धवट माहितीवर, मोठ्यांच्या भीतीवर, एखाद्या नियमाच्या वेडगळपणावर, किंवा कुणाच्या शरीरावर, रंगावर, बोलण्यावर, गरिबीवर. चौथ्या प्रकारातल्या सर्व जागा काढून टाकाव्यात. जाड्या मित्र, तोतरा मास्तर, बायकी चालीचा मुलगा, काळी मुलगी ही पात्रे मराठी रंगमंचावर वर्षानुवर्षे हशासाठी उभी केली गेली आहेत, आणि प्रेक्षागृहात त्या-त्या शरीराचे मूल बसलेले असते याचा विचार फार थोड्यांनी केला. त्या मुलाला पात्र करायचे असेल तर अवश्य करावे, मात्र त्याला इच्छा आणि डावपेच द्यावेत; त्याचे डावपेच फसले की त्यावर हसू द्यावे.

हे काढून टाकण्यामागे केवळ सभ्यता नाही, टिकाऊपणाही आहे. जॉन ह्यूज यांचा ‘सिक्स्टीन कँडल्स’ हा १९८४ चा अमेरिकी चित्रपट या प्रकारातला मैलाचा दगड मानला जातो. घरात मोठ्या बहिणीचे लग्न असल्याने नायिकेचा सोळावा वाढदिवस सगळे विसरतात, ही त्याची मूळ कल्पना आजही तितकीच ताजी आहे, कारण ती त्या वयाचे नेमके दुःख पकडते. त्याच चित्रपटात आशियाई विद्यार्थी आला की घंटा वाजवून केलेली थट्टा आणि दारूच्या नशेतल्या मुलीला एका मुलाने दुसऱ्याच्या हवाली करण्याचा प्रसंग आज पाहवत नाहीत. त्या काळातल्या ह्यूजच्या चित्रपटांची नायिका मॉली रिंगवॉल्ड यांनी २०१८ साली स्वतः लेख लिहून त्या चित्रपटांकडे नव्याने पाहिले. चाळीस वर्षांनंतर काय उरले आणि काय सडले, हे एका चित्रपटात शेजारी-शेजारी दिसते म्हणून प्रत्येक लेखकाने तो अभ्यासासाठी पाहावा.

आपल्या चित्रपटांत याला समांतर दोष म्हणजे पाठलाग. मुलगी नाही म्हणते, मुलगा रोज तिच्या मागे जातो, मित्र टाळ्या देतात आणि शेवटी ती हसते. हे प्रेमाचे रूप म्हणून दाखवले की तेरा वर्षांचा मुलगा ते शिकून घरी जातो. पात्राने पाठलाग करू नये असे मी म्हणत नाही, कारण मुले करतात. परंतु त्या वेळी कॅमेरा एकदा तरी मुलीच्या बाजूला उभा असावा, तिने रस्ता बदलल्यामुळे तिला शिकवणीला उशीर होतो हे दिसावे, आणि मुलाला ते कळल्यावर त्याच्या मनाचे काय होते हे लिहावे.

बोलणे

संवादांसाठी मुलांमध्ये बसावे लागते, पण ते चोरून नव्हे. शाळेची आणि पालकांची परवानगी घेऊन, शिक्षकांच्या उपस्थितीत, मुलांशी उघडपणे बोलावे आणि कुणाचाही खाजगी अनुभव नावानिशी संहितेत घेऊ नये. ऐकताना नवे शब्द टिपण्याच्या मागे लागू नये, कारण या वर्षीचा चलनातला शब्द चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत मुलांनीच टाकून दिलेला असतो. मुले वाक्य कुठे तोडतात, विषय कसा बदलतात, शिवी कोणत्या वेळी देतात आणि कोणासमोर गिळतात, हे टिपावे. बोलीही गावानुसार पक्की करावी. वऱ्हाडातली मुले, मालवणातली मुले आणि डोंबिवलीतली मुले एकाच प्रमाण मराठीत चिडवाचिडवी करत नाहीत, आणि चिडवण्याचा सगळा रंग बोलीत असतो.

एखादी मोठी व्यक्ती मुलांना खरी माहिती सांगते असा प्रसंग अशा बहुतेक पटकथांत येतो, आणि तो बहुतेक वेळा भाषण होतो. तो लिहिताना दोन पथ्ये पाळावीत. माहिती स्पष्ट शब्दांत सांगावी, संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात या विषयावर मराठीत सरळ लिहीत होते, त्यामुळे भाषा अपुरी असल्याची सबब आपल्याला नाही. आणि सांगणाऱ्यालाही काही गमवायचे असावे. कराडच्या गोष्टीत हे काम ओंकारच्या आजीने केले आणि ते करताना तिने स्वतःच्या वेळचा एखादा अपमान प्रथमच उच्चारला, तर नातवाला माहिती मिळते आणि प्रेक्षकाला आजी मिळते.

कलाकार, कायदा, प्रमाणपत्र

शक्य असेल तिथे पात्राच्या वयाचीच मुले घ्यावीत. बो बर्नहम यांच्या ‘एट्थ ग्रेड’ या २०१८ च्या चित्रपटातली एल्सी फिशर नुकतीच आठवी संपवून आलेली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचे मुरुम खरे दिसतात त्याने अर्धे काम होते. वीस-बावीस वर्षांच्या नटाने चौदा वर्षांचा संकोच करून दाखवला तर तो अभिनय दिसतो. एकांकिकेत महाविद्यालयीन नटांशिवाय इलाज नसतो. अशा वेळी शाळकरी गणवेश आणि बारीक आवाज यांवर भर न देता हातांचे काय करावे हे न कळणाऱ्या शरीराचा अभ्यास करवून घ्यावा.

मुले कलाकार असतील तर कायदा आधी वाचावा. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार चौदा वर्षांखालील मुलांसाठी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही, सलग २७ दिवसांहून अधिक काम चालत नाही, आणि मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. हे लेखकाशीही संबंधित आहे, कारण प्रत्येक प्रसंगात मूल असलेली, रात्रीची आणि पावसातली संहिता पाच तासांच्या दिवसात चित्रित होत नाही. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, त्यामुळे शारीरिक जवळिकीचे प्रसंग लिहिण्याचा प्रश्नच येत नाही, आणि या विषयाला त्यांची गरजही नाही. सायकलच्या हँडलवर चुकून टेकलेला हात पुरतो.

महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते आणि चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या, वर्गात ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे आले आहेत. आपला चित्रपट कोणत्या टप्प्यासाठी आहे हे लिहितानाच ठरवावे. ‘एट्थ ग्रेड’ला अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र मिळाले आणि आठवीतल्या मुलांना पालकांशिवाय स्वतःवरचा चित्रपट पाहता येईना, ही नामुष्की टाळता येण्यासारखी होती की नाही यावर मतभेद असू शकतात. मराठीत तेरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिणाऱ्याने मात्र ती टाळावी, असे मला वाटते.

वाचन कोणासमोर करावे

दुसरा खर्डा तयार झाला की दोन वेगळी वाचने ठेवावीत. एक मोठ्यांसमोर आणि एक, पालकांच्या संमतीने, आठवी-नववीच्या मुलांसमोर. दोन्ही वाचनांत कोण कुठे हसले याच्या खुणा दोन रंगांच्या पेन्सिलींनी एकाच प्रतीवर कराव्यात. दोघेही हसले त्या जागा सांभाळाव्यात. मुले हसली आणि मोठे गप्प राहिले, त्या जागा बहुधा उत्तम असतात आणि निर्माता त्या काढायला सांगतो तेव्हा लेखकाने ठाम राहावे. मोठे खळखळून हसले आणि मुले पायांकडे पाहू लागली, अशा जागा सापडतील तेव्हा मुलांना कारण विचारू नये, कारण ते सांगताना त्यांना पुन्हा तोच संकोच होईल. त्या जागा मुकाट्याने काढाव्यात आणि तिसरा खर्डा त्या प्रसंगापासून लिहायला घ्यावा.